ताईची सही

कोर्टातून आणलेला कागद ताईने दिवाणखान्यातल्या काचेच्या टेबलावर ठेवला, तेव्हा भावजयीने तो वाचण्याचे कष्टसुद्धा घेतले नाहीत... दोन बोटांच्या चिमटीत धरून तिने तो सोफ्याच्या कडेला सरकवला आणि चहाचे कप मांडायला जागा करून घेतली.

“ताई, पाहुणे यायचेत,” ती म्हणाली. “असलं काही बाहेर पडलेलं बरं दिसत नाही.”

असलं काही! त्या कागदाच्या तळाशी न्यायाधीशांची सही होती, गोल शिक्का होता, आणि अर्जदार बाई आजपासून नादारीतून मुक्त आहे असं तीन ओळींत लिहिलेलं होतं. पाच वर्षं जिला स्वतःच्या नावावर साधं फोनचं कनेक्शन घेता आलं नव्हतं, जिला दर तीन महिन्यांनी एका सरकारी माणसासमोर बसून किती कमावलं, किती खाल्लं आणि नव्या चपला कशाला घेतल्या याचा जबाब द्यावा लागला होता, त्या एक्कावन्न वर्षांच्या बाईला आज सकाळी साडेअकरा वाजता मोकळं केलं होतं. कोर्टापासून घरापर्यंत ती चालत आली होती. वाटेत तिला उगाचच वाटून गेलं होतं की हा कागद बघून आई रडेल... निदान पाठीवरून हात तरी फिरवेल.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिने मान वर केली.

“म्हणजे आता वसुलीची माणसं दारात येणार नाहीत ना?”

“नाही आई. आता कोणी येणार नाही.”

“बरं झालं. डॉक्टरांना फार ओशाळं व्हायचं.”

डॉक्टर म्हणजे आईचा धाकटा मुलगा, ताईच्या पाठचा भाऊ. त्याने दातांचा दवाखाना काढल्यापासून आई पोटच्या पोराला डॉक्टर म्हणायची, भावजय नवऱ्याला डॉक्टर म्हणायची, आणि फोनवर स्वतःची ओळख करून देताना तोही स्वतःला डॉक्टरच म्हणायचा. बाळू हे त्याचं घरातलं नाव आता फक्त ताईच्या तोंडी उरलं होतं, आणि तेही चारचौघांत उच्चारायचं नाही अशी भावजयीची ताकीद होती.

पाहुणे आले, डॉक्टरांच्याच व्यवसायातले दोघे आणि त्यांच्या बायका. ताई ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा त्यातल्या एकीने विचारलं, “या कोण?”

“माझी मोठी बहीण,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात एकदम औदार्य दाटून आलं. “कवळ्या करायची लॅब होती तिची. धंद्यातलं काही कळत नाही बिचारीला, दिवाळं निघालं. मग मीच म्हटलं, हे घर असताना तू कुठे जाणार...”

“अरेरे,” पाहुणी म्हणाली. दुसरीने कप हातात घेतला आणि मोकळ्या हाताने शेजारी ठेवलेली आपली पर्स उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली. ताईने ते पाहिलं. दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या चौदा वर्षांच्या मुलीनेही, बिट्टीनेही, ते पाहिलं.

ताईच्या ओठांवर त्या वेळी जे आलं ते हसूच होतं, पण ते कोणाला दिसलं असतं तर त्या दिवाणखान्यातला चहा कडू झाला असता.

कारण खरी हकीकत फार वेगळी होती. वडील गेले तेव्हा ताई वीस वर्षांची होती आणि बाळू अकरा. एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली ती प्लास्टरचे साचे ओतायला शिकली, मेणात दात बसवायला शिकली, आणि पुढे स्वतःची लॅब काढून बावीस वर्षं शहरातल्या निम्म्या दातांच्या डॉक्टरांना कवळ्या पुरवल्या. त्या कवळ्यांवर घर चाललं, बाळूची शाळा झाली, बाळूचं कॉलेज झालं, बाळूचं लग्न झालं. ताईचं स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं; ते का राहिलं हे घरात कोणी कधी विचारलं नाही. मग बाळूला साधा दवाखाना नकोसा झाला. आपोआप मागे झुकणारी खुर्ची हवी, परदेशी एक्स-रे यंत्र हवं, मोठ्या रस्त्यावर दुसरी शाखा हवी. बँकेने त्याला दारातूनच परत पाठवलं. तेव्हा आईने ताईपुढे पदर पसरला. “तू एकटी. तुला काय लागतं? त्याला संसार आहे. एक सही तर करायचीय...”

ताईने सही केली. कर्ज ताईच्या नावावर, तारण ताईची लॅब आणि वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, आणि यंत्रं मात्र भावजयीच्या नावावर. डॉक्टरांनी तीन हप्ते भरले. चौथ्या हप्त्याच्या वेळी ते कसल्याशा परिषदेसाठी विमानात बसले, आणि तिथून पुढे दर महिन्याला त्यांचं एकच वाक्य असे, “ताई, पुढच्या महिन्यात नक्की.” दुसरी शाखा वर्षभरात धूळ खात पडली. एक हप्ता सांभाळायला ताईने दुसरं कर्ज काढलं, दुसरं सांभाळायला तिसरं. शेवटी कोर्टात नादारीचं कारण विचारलं गेलं तेव्हा आईने आदल्या दिवशी तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते. डॉक्टरांचं नाव बाहेर आलं तर पेशंट येणार नाहीत, दवाखाना बंद पडेल, बिट्टीची शाळा सुटेल... ताईने अर्जावर लिहिलं, ‘धंद्यातील नुकसान’.

मग घराचा लिलाव झाला, लॅबमधली यंत्रं गेली, मेण कोरायच्या हत्यारांची पेटीसुद्धा एका माणसाने यादीत लिहून नेली. एकच मालमत्ता कोणाला जप्त करता आली नाही, ती म्हणजे ताईच्या मनातला तिरस्कार. तो तिने जिवापाड सांभाळला. डॉक्टरांच्या घरातल्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत ती राहायला आली. दिवसा दुसऱ्याच्या लॅबमध्ये पगारावर राबायची, आणि संध्याकाळी गॅरेजच्या कोपऱ्यात बसून डॉक्टरांच्या पेशंटांच्या कवळ्या करायची. फुकट. घरचंच काम ते! आणि चारचौघांत डॉक्टर सांगायचे, आम्ही ताईला सांभाळतो. आई मान डोलवायची. त्या सहीची आठवण आई खरोखर विसरली होती की विसरल्याचं सोंग करत होती, हे ताईला कधी उमगलं नाही.

पण तो कागद हातात आल्यावर मात्र तिने ठरवलं, की आता आपलं नाव आपण धुऊन काढायचं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत ती बँकेत गेली. कर्ज विभागातला अधिकारी तरुण होता, गळ्यात टाय होता. तिचं नाव टाकल्यावर पडद्यावर जे काही उमटलं ते बघून त्याने आपली खुर्ची वीतभर मागे घेतली, जणू बाईंना काही संसर्गजन्य झालं होतं.

“बाई, तुमची पत शून्याच्याही खाली आहे.”

“शून्याच्या खाली पत असते?” ताईने शांतपणे विचारलं. “मला साधा हिशेब येतो, म्हणून विचारते.”

तो जरा वरमला. “तसं नाही... पण तुम्हाला कर्ज कोणी देणार नाही. एक करता येईल. तुम्ही काही रक्कम आमच्याकडे ठेव म्हणून ठेवा. तेवढ्याच मर्यादेचं कार्ड मिळेल. दर महिन्याला थोडं वापरायचं, तारखेच्या आत पूर्ण भरायचं. वर्ष-दोन वर्षांत नोंद सुधारते.”

“म्हणजे माझेच पैसे तुमच्याकडे ठेवायचे, तेच तुमच्याकडून उसने घ्यायचे, आणि ते परत केले की तुम्ही मला प्रामाणिक म्हणणार.”

“साधारण तसंच,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच थोडा हसला.

या शहाणपणाची ताईला मनापासून कीव आली. तरी तिने दोन महिन्यांचा पगार ठेव म्हणून ठेवला आणि कार्ड घेतलं. त्या कार्डावर ती महिन्याला एकच गोष्ट घ्यायची, बसचा पास. बिल यायच्या आत पैसे भरून मोकळी व्हायची. भावजयीला हे कळलं तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर गोड आवाजात म्हणाली, “ताई, कार्ड घेतलंत म्हणे. जपून हं. पुन्हा सवय लागायची.” तिच्या स्वतःच्या पर्समध्ये पत्त्यांसारखी पिसलेली चार कार्डं होती, आणि चारही तुडुंब भरलेली होती, हे ताईला त्या घरात येणाऱ्या पाकिटांवरून केव्हाच कळलेलं होतं.

मग तिने आपल्या पतनोंदीचा उतारा मागवला. कोर्टाने ज्यांच्यावर काट मारली होती ती तिन्ही कर्जं त्यात ‘थकीत’ म्हणून ताठ मानेने उभी होती. तिने पत्र पाठवलं, उत्तर नाही. दुसरं पाठवलं, तर छापील उत्तर आलं, त्यात तिचं नावसुद्धा चुकलेलं. तिसऱ्या वेळी तिने रजा टाकली, त्या कार्यालयात गेली आणि कोर्टाच्या कागदाची प्रत खिडकीतून आत सरकवली.

“ठेवून जा,” आतली बाई मान वर न करता म्हणाली.

“ठेवून जात नाही. इथेच बसते.”

साडेतीन तास ती त्या लाकडी बाकावर बसून राहिली. आतली बाई डबा खाऊन आली, शेजारणीशी बोलून आली, केस विंचरून आली. कार्यालय बंद व्हायला दहा मिनिटं असताना तिने नाइलाजाने कागद उघडला, चार कळा दाबल्या आणि म्हणाली, “झालं.” चार कळा! चार कळा दाबायला यांना सात महिने लागले, आणि पत मात्र म्हणे ताईची नव्हती.

दीड वर्ष असं एकेक खडा उचलत गेलं. पुढे तिला एक लहानसं कर्ज मिळालं, पॉलिशच्या मोटरपुरतं. ते तिने मुदतीच्या चार महिने आधी फेडलं. मग बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बंद पडलेलं दुकान भाड्याने घेतलं, पुढे लॅब आणि मागे पलंग मावेल एवढी खोली. जुन्या ओळखीचे दोन डॉक्टर काम पाठवू लागले. आणि त्या महिन्याच्या शेवटी तिने डॉक्टरांच्या, म्हणजे आपल्या सख्ख्या भावाच्या, हातात एक कागद ठेवला.

“हे काय?”

“बिल. या महिन्यात अकरा कवळ्या झाल्या. मागच्या वर्षांचं काही लावलेलं नाही.”

डॉक्टरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. “ताई, घरातल्या घरात बिल?”

“घरातल्या घरात कर्ज चाललं होतं ना, बाळू.”

उत्तर दिलं ते आईने. “इतकी वर्षं या घरात ठेवून घेतलं, त्याची ही परतफेड? पैशापुढे माणूस किती खाली जातं ते बघा.” ताईनेच केलेल्या कवळीने आई हे बोलत होती, आणि कवळी कुठेही न हलता अगदी घट्ट बसलेली होती. कामात खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताईने दोन बॅगा भरल्या. फाटकापर्यंत फक्त बिट्टी आली. एक बॅग तिच्या हातात होती.

“आत्या, मागच्या वर्षांचं का नाही लावलंस?”

“तुझ्या बापाला विचार.”

“विचारलं. म्हणाला, आत्या हिशेबात कच्ची आहे.”

ताई हसली. बॅग घेताना तिने बिट्टीच्या गालावर हात ठेवला. या एका पोरीपुरता तिचा तिरस्कार नेहमी तोकडा पडायचा.

त्यानंतर अडीच वर्षं तिने त्या घराची पायरी चढली नाही. लॅब चालू लागली. बँकेतला तो टायवाला अधिकारी आता वरच्या हुद्द्यावर गेला होता आणि ताई दिसली की उठून उभा राहायचा. याचंही तिला कौतुक वाटायचं नाही; चार वर्षांपूर्वी हीच बाई, हेच हात, हाच प्रामाणिकपणा होता, मग तेव्हा खुर्ची मागे का गेली होती? तरीपण एक गोष्ट तिच्या हृदयात हळूच घर करून बसली होती. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर दोन खोल्या विकायला होत्या. मागे छोटंसं अंगण, अंगणात नळ. तिने गृहकर्जाचा अर्ज केला होता, आणि तो मंजुरीला गेला होता. पंचावन्नाव्या वर्षी आपल्या नावाची पाटी... या विचाराने ती एकटी असतानाही लाजल्यासारखी व्हायची.

एके दिवशी दुपारी ती मेणात दात बसवत असताना दारात सावली पडली. डॉक्टर उभे होते. केस नव्याने रंगवलेले, शर्टाची कॉलर घामाने ओली.

“इथे हवा छान येते,” ते म्हणाले.

“एकच खिडकी आहे.”

“तरी...”

ताईने हातातला दात मेणात टेकवला. “बोल, बाळू. मेण थिजतंय.”

मग हळूहळू ते बाहेर आलं. बिट्टीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. दूरच्या शहरातल्या चांगल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. शिकायला कर्ज काढायचं, तर बँकेने वडिलांची नोंद बघून नकार दिला होता. कार्डं थकलेली, दवाखान्याचे हप्ते थकलेले... त्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, घरात पत असलेलं दुसरं कोणी आहे का. आणि बिट्टी बोलून गेली होती, माझी आत्या आहे.

“तशी औपचारिकताच आहे, ताई,” डॉक्टर म्हणाले. “एक सही.”

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. या क्षणाची तिने किती वर्षं वाट पाहिली होती! हा माणूस एक दिवस आपल्या दारात येईल, मान खाली घालून उभा राहील, आणि आपलं काळीज शांत होईल असं तिला वाटायचं. पण काळीज शांत वगैरे काही झालं नाही. समोर एक शेहेचाळीस वर्षांचा, घामेजलेला, अजूनही ‘औपचारिकता’ असले शब्द वापरणारा इसम उभा होता, आणि त्याच्यासाठी आपण आपलं अर्धं आयुष्य ओतलं याचीच तिला शिसारी आली.

“सोमवारी बँकेत येते,” ती म्हणाली. “बिट्टीला आण. बायकोला आणायची गरज नाही.”

“पण सही करशील ना?”

“तिथे बघू.”

सोमवारी चौघे टेबलाभोवती बसले: तोच टायवाला अधिकारी, ताई, बिट्टी आणि डॉक्टर. अधिकाऱ्याने कागद पुढे केले आणि मग जरा घुटमळला.

“बाई, एक सांगायला हवं. तुमचा घराचा अर्ज या आठवड्यात मंजूर होतोय. या कर्जाला जामीन राहिलात तर तो मंजूर होणार नाही, दोन्ही झेपायचं नाही असं बँक म्हणेल. हे शिक्षणाचं कर्ज फिटायला आठ-दहा वर्षं जातील. तेव्हा तुमच्या वयात...” त्याने वाक्य सोडून दिलं.

“कसलं घर?” बिट्टीने विचारलं.

डॉक्टर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

“आणखी एक रकाना भरायचा राहिलाय,” अधिकारी म्हणाला. “जामीनदार पूर्वी नादार झालेले असतील तर त्याचं कारण.”

हा प्रश्न ताईने नऊ वर्षांत किती वेळा ऐकला होता, आणि दर वेळी त्याच दोन शब्दांनी मिटवला होता! शब्द जिभेवर आलेसुद्धा. पण या वेळी तिने ते उच्चारले नाहीत. तिने पेन खाली ठेवलं, हात मांडीवर घेतले, आणि आपल्या पाठच्या भावाकडे बघत बसून राहिली... पंख्याचा आवाज येत होता. शेजारच्या टेबलावर कोणीतरी शिक्के मारत होतं. डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. बिट्टी एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे पाहत होती.

“धंद्यातलं... म्हणजे, तिचं जे झालं...” डॉक्टर पुटपुटले आणि थांबले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, अकरा वर्षांच्या पोरासारखा. “तिच्या धंद्यात नुकसान नव्हतं. कर्ज माझं होतं. माझ्या दवाखान्याचं. तिच्या नावावर काढलं आणि मी भरलं नाही.”

अधिकाऱ्याचं पेन हवेतच राहिलं. “मग बाई, तुम्ही कोर्टात हे सांगितलं का नाही?”

“ही तेव्हा नऊ वर्षांची होती,” ताई बिट्टीकडे बोट करून म्हणाली. “आणि माझी आई रडत होती.”

बिट्टीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिने ताईच्या पुढ्यातला कागद आपल्याकडे ओढला. “सही करू नकोस आत्या. मला नाही जायचं कुठे. तू घर घे. माझी शपथ आहे तुला...”

“कागद दे इकडे.”

“नाही देणार.”

“बिट्टी, माझ्यासारखं वागू नकोस,” ताई म्हणाली. “माझ्यासारखी एक पुरे झाली आपल्या घरात.”

तिने पोरीच्या हातातून कागद सोडवून घेतला आणि अधिकाऱ्याकडे वळली. “साहेब, एकच करा. या अर्जात सहकर्जदार म्हणून हिच्या वडिलांचं नाव आहे, ते काढा. कर्ज हिचं, जामीन मी. मध्ये कोणी नको. बँकेची पत्रंही माझ्या पत्त्यावर यायला हवीत.”

अधिकाऱ्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. आपल्याच मुलीच्या कागदावरून आपलं नाव खोडलं जात असताना त्यांनी नजर कॅलेंडरवरच ठेवली, आणि ताईने सही केली. बाळूच्या कर्जावरची ती जुनी सही तिने आईच्या आसवांकडे बघून केली होती, कागद न वाचता. ही तिने ओळ न् ओळ वाचून केली, आपलं अंगण आणि अंगणातला नळ डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत असताना केली. रडायला तिला घरी जाऊन वेळ होता.

तीन दिवसांनी भर दुपारी लॅबसमोर टॅक्सी थांबली आणि आई उतरली. एकटी. हातात कपड्यांची पिशवी. ऐंशीला टेकलेली जी बाई जिन्याची एक पायरीसुद्धा कोणाच्या आधाराशिवाय उतरत नसे, ती टॅक्सीवाल्याशी सुट्या पैशांवरून हुज्जत घालून आत आली आणि स्टुलावर बसली.

“काय झालं?” ताईने विचारलं.

“तिथे घास उतरत नाही घशाखाली.” आई थांबली. “बिट्टी बापाशी बोलत नाही. मला म्हणाली, आजी, तुला माहीत होतं का? मी म्हटलं, नाही. रोज विचारते. तीनदा खोटं बोलले मी तिच्याशी. आज सकाळी चौथ्यांदा विचारलंन्...”

“मी विसरले नव्हते गं,” आई म्हणाली, आणि तिचा सुरकुतलेला चेहरा वेडावाकडा झाला. “एक दिवस विसरले नव्हते. मीच तुला सही करायला लावली. मीच म्हटलं, तुला काय लागतं. जशी काही तुला भूक नव्हती, तहान नव्हती...”

“मग इतकी वर्षं मला तसं का बोलत होतीस, आई?”

आईने डोळे पुसले नाहीत. ते वाहत राहिले. “तू समोर आलीस की मला माझी चीड यायची. ती तुझ्यावर काढली की मला जेवण जायचं.”

असं भीषण खरं त्या घरातलं कोणीही आजवर बोललं नव्हतं. ताईच्या हातातलं हत्यार टेबलावर पडलं. तिने मनातल्या मनात तो जुना तिरस्कार चाचपून पाहिला... भावजयीच्या वाट्याचा जागच्या जागी होता, ठणठणीत. बाळूच्या वाट्याचा एका कडेने थोडा झिजला होता. आणि आईच्या वाट्याचा? तो तिने खूप शोधला, पण समोरच्या स्टुलावर एक दमलेली म्हातारी रडत होती आणि तिच्याविरुद्ध मनात काही सापडत नव्हतं. ताई उठली, आईचं डोकं तिने पोटाशी धरलं, आणि कोर्टातून तो कागद आणल्या दिवसापासून अडून राहिलेलं रडू तिला एकदाचं आलं.

“एकच पलंग आहे इथे,” डोळे पुसून ती म्हणाली.

“मी काय लाथा मारते का झोपेत?” आई म्हणाली.

आई राहिली. पहिल्याच आठवड्यात तिने शेजारच्या दुकानदाराला सांगितलं की ही माझी थोरली, हिच्यामुळे आमचं घर उभं राहिलं, आणि आता आमची नात जनावरांची डॉक्टर होणार तीही हिच्याच सहीवर. दुकानदाराला यात काडीचा रस नव्हता. आईने त्याला दोनदा सांगितलं.

बिट्टी कॉलेजला गेली त्यानंतरच्या रविवारी सकाळी डॉक्टर आले. आईच्या औषधांची पिशवी घेऊन ते दाराबाहेरच उभे राहिले. गल्लीत गाडी दिसत नव्हती.

“बसने आलास?” ताईने आतूनच विचारलं.

“गाडी विकली. दोन कार्डं मिटवली त्यातून. बाकीचं फिटणार नाही, ताई. वकील म्हणतो, कोर्टात अर्ज करावा लागेल. नादारीचा.” त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “अर्जात मी सगळं लिहिणार आहे. आधीचंसुद्धा.”

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. पोटात आनंद शोधला, नव्हता. दया म्हणावी, तर तेवढी मोठी ती नव्हती. फक्त एवढंच दिसलं की त्यांच्या केसांचा रंग उतरला होता, आणि खालून वडिलांसारखे पांढरे केस वर आले होते.

“हिला काही कळत नाही त्यातलं,” डॉक्टर आतल्या आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बायकोबद्दल म्हणाले, आणि मग खाली बघत, “मलाही कळत नाही. तू केलंयस ना हे सगळं... पहिलं काय करायचं असतं, ताई?”

आतून आईच्या खुर्चीचा आवाज आला आणि थांबला. ती कान देऊन ऐकत होती.

“पहिलं,” ताई म्हणाली, “बूट बाहेर काढ. आताच फरशी पुसलीय.”

डॉक्टरांनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली, खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.